क्वार्टर सोडून सोलापुरात भाड्याने: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

गड्ड्याच्या यात्रेसाठी घरात सात पाहुणे असताना, संक्रांतीच्या आदल्या दिवशी हौदावरची मोटर जळाली. हौद काठोकाठ भरलेला होता, पण वरच्या टाकीत थेंबही चढत नव्हता. माझे यजमान सैन्यात आहेत, सध्या फील्डला म्हणजे सीमेवर, आणि ‘मोटर भाडेकरूनेच दुरुस्त करायची असते’ यापलीकडे घरमालक बोलायला तयार नव्हते. रिवाइंडिंगचे 2,200 रुपये शेवटी मीच दिले.

यजमानांची बदली आली तेव्हा पुण्यातच एसएफ क्वार्टरसाठी (जवान फील्डला असताना मागे राहणाऱ्या कुटुंबासाठीचे लष्करी घर) अर्ज करणे किंवा सासर जवळ म्हणून सोलापुरात घर घेणे, असे दोन मार्ग होते. क्वार्टर घेतले की घरभाडे भत्ता मिळत नाही. सोलापूर या भत्त्यासाठी केलेल्या शहरांच्या वर्गवारीत वाय वर्गात असल्याने 20 टक्के दराने, म्हणजे 37,000 रुपये मूळ वेतनावर 7,400 रुपये मिळतात, आणि जुळे सोलापुरातील घराचे भाडे 8,000 रुपये आहे. महिन्याला केवळ 600 रुपये पदरचे जातील, असा हिशेब करून आम्ही जूनमध्ये सामान हलवले.

त्या हिशेबात पाणी धरलेले नव्हते. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते आणि वेळही पक्की नसते. दोन हजार लिटरचा हौद पाच दिवस पुरवायचा, तर मी आणि दोन मुले मिळून रोज चारशे लिटरच हाताशी राहतात. एकदा पाणी रात्री दोन वाजता सुटले आणि मला जाग आली नाही, तेव्हा 900 रुपयांचा टँकर मागवावा लागला. असे आजवर तीन टँकर झाले. पुण्याच्या क्वार्टरमध्ये दोन वेळा पाणी होते, आणि नळ बिघडला तर एमईएसच्या (लष्करी इमारतींची देखभाल करणारी सेवा) तक्रारवहीत नोंद केली की बहुतेक वेळा त्याच दिवशी प्लंबर येई. यजमान घरी नसताना ही सोय किती मोलाची असते, हे मला ती सुटल्यावर कळले. ऑक्टोबरपर्यंत परत जाण्याचा माझा निश्चय झालेला होता.

नोव्हेंबरात धाकट्याला डेंग्यू झाला आणि माझे मत बदलले. पाच रात्री सासूबाई त्याच्या उशाशी बसल्या, सासऱ्यांनी थोरलीला शाळेत नेले-आणले, शेजारच्या काकूंनी दोन्ही वेळचा डबा पोहोचवला. पुण्यातही ब्लॉकमधल्या वहिनी धावून आल्या असत्या, याबद्दल मला शंका नाही. परंतु आजीचा हात हाती आल्यावर जो मुलगा शांत झोपला, तो तिथे तसा झोपला नसता. मात्र खासगी रुग्णालयाचे 28,000 रुपये आम्ही भरले. सोलापुरात लष्करी रुग्णालय नाही, आणि ताप चढलेल्या मुलाला पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर नेणे मला धोक्याचे वाटले. भाड्यातील फरक, टँकर आणि मोटर यांचे आठ महिन्यांत 9,700 रुपये झाले, ते याहून वेगळे.

मुलांची एक अडचण मी आधी ओळखली नव्हती. क्वार्टरच्या ब्लॉकमध्ये कुणाचे ना कुणाचे वडील बाहेर असतच, त्यामुळे तिथे कुणी विचारत नसे. इथे थोरलीच्या वर्गात तिचेच वडील सीमेवर आहेत आणि प्रत्येक पालक सभेला ‘बाबा का नाही आले’ हा प्रश्न तिला ऐकावा लागे. अखेर मी वर्गशिक्षिकांना भेटून सांगितले, तेव्हापासून तो थांबला.

तरीही यजमान पीस स्टेशनला, म्हणजे कुटुंबासह राहता येईल अशा ठिकाणी, येईपर्यंत मी सोलापुरातच राहणार आहे. सासर किंवा माहेर गावात नसेल, तर मात्र माझ्यासारख्या भगिनींनी एसएफ क्वार्टर सोडू नये, मग प्रतीक्षायादी लांब असली तरी चालेल. आणि भाड्याने घर घ्यायचेच असेल, तर हौद किती लिटरचा आहे, तो सामाईक आहे का आणि मोटरची दुरुस्ती कोणाकडे, हे करारनाम्यात लिहून घ्यावे. आमचा अकरा महिन्यांचा करार एप्रिलअखेर संपतो. नव्या करारात मोटरची अट घालण्याविषयी मी घरमालकांना लेखी पत्र दिले आहे.