सॉन्डर्स वॉटरफोर्ड ३०० जीएसएम: जलरंग शिकणाऱ्यांनी पैसे आधी कागदावर घालावेत

माझ्याकडे जलरंग शिकायला येणारी मुलं पहिला प्रश्न रंगांचाच विचारतात. कुठल्या कंपनीचे घेऊ, बारा ट्यूबचा बॉक्स की चोवीसचा? मी सांगते, सहा ट्यूब घे आणि उरलेले सगळे पैसे कागदावर घाल. मुलांना हे पटत नाही, पालकांना तर अजिबात नाही. कोऱ्या कागदाला एवढी किंमत कशासाठी, असं त्यांना वाटतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

शाळेच्या दुकानात मिळणारा 'वॉटरकलर पॅड' बहुतेक वेळा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यावर आकाशाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सलग थर टाकला की रंग एका जागी पटकन शोषला जातो आणि दुसऱ्या जागी डबकं होऊन बसतो. वर दुसरा थर द्यायला जावं तर खालचा उठून येतो. मुलाला वाटतं आपला हातच वाईट. त्याचा हात बरा असतो, कागद साथ देत नाही. त्या कागदावर वर्ष घालवलेली मुलं एक वाईट सवय घेऊन येतात: घाबरून, घाईघाईने, कोरड्या ब्रशने रंग लावायची. ती सवय मोडायला मला नंतर फार वेळ लागतो.

सॉन्डर्स वॉटरफोर्ड हा इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यातल्या सेंट कथबर्ट्स मिलचा कागद. शंभर टक्के कापसाचा, आम्लमुक्त. ३०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड. सिलिंडर मोल्ड यंत्रावर तो होतो, म्हणजे संथ फिरणाऱ्या जाळीदार सिलिंडरवर तंतूंचा थर धरतो आणि पोत उमटतो तो लोकरीच्या फेल्टमुळे. त्यामुळे हा पोत एकसारख्या ठशासारखा दिसत नाही. सायझिंग, म्हणजे कागदाचं शोषणं आवरणारी प्रक्रिया, आतूनही असते आणि वरूनही; वरचं सायझिंग जिलेटिनचं. पाणी किती वेळ वर राहणार आणि किती आत जाणार हे ठरवतं ते हे सायझिंगच, आणि चांगल्या कागदाचे पैसे आपण मुख्यतः त्यासाठी मोजतो. साध्या 'व्हाइट'मध्ये पांढरा किंचित उबदार असतो. कोकणातल्या उन्हाच्या चित्रांना मला तोच आवडतो. जास्त पांढरा हवा असेल तर 'हाय व्हाइट' मिळतो.

मी चिपळूणला राहते, त्यामुळे वाशिष्ठीची खाडी हा माझा नेहमीचा विषय. खाडीवरचं पावसाळी आकाश करताना या कागदाची खरी किंमत कळते. कागद पूर्ण ओला केला की सुरुवातीला तो आरशासारखा चकाकतो. तेव्हा सोडलेला रंग लांबवर पळतो. थोडं थांबलं की चकाकी मंद होते, आणि ढगांच्या मऊ कडांसाठी हीच वेळ. ब्रशमध्ये रंग दाट हवा आणि पाणी कागदावर आहे त्यापेक्षा कमी. त्यानंतर चकाकी जाते, पण हाताची पालथी बाजू टेकवली तर कागद गार लागतो. इथे हात बांधून बसायचं. या वेळी पाण्याचा एक थेंब पडला तरी फुलकोबीसारखी कड उमटते. पुढचा थर पूर्ण कोरडं झाल्यावरच. स्वस्त कागदावर या अवस्था इतक्या भराभर उलटतात की मुलांना त्या दिसतच नाहीत. सॉन्डर्सवर त्या डोळ्यांनी बघता येतात, आणि वेट-इन-वेट (ओल्या कागदावर ओला रंग सोडणं) शिकणं म्हणजे मुख्यतः हे बघायला शिकणंच असतं.

हवेप्रमाणे हा वेळ बदलतो. मे महिन्यात बाहेर बसून काम करायचं असेल तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिक शीटवर चिकटवा, खालची ओल त्याला बराच वेळ धरून ठेवते. जुलैत उलटं. पहिला वॉश वाळायची वाट बघत दुपार जाते, तेव्हा दोन चित्रं शेजारी घेऊन बसावं.

पोतांपैकी नवशिक्यांनी कोल्ड प्रेस्ड, म्हणजे मध्यम खरखरीत घ्यावा. जांभ्याच्या भिंती, जुनी होडी, खडक यांच्यासाठी जास्त खडबडीत असा रफ उत्तम. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून रफवर सोडलं की अल्ट्रामरीनचे कण खळग्यांत बसतात आणि सिएना वर मोकळा दिसतो. जांभ्याची सच्छिद्रता न रंगवता मिळते. गुळगुळीत हॉट प्रेस्ड फुलापानांच्या बारीक कामासाठी ठीक, पण त्यावर मोठा सपाट वॉश देणं अवघड.

आर्श या फ्रेंच कागदाशी तुलना सगळे विचारतात. आर्शचं सायझिंग जास्त कडक, पृष्ठभाग जास्त घासणं सहन करतो. सॉन्डर्स हाताला मऊ आहे, रंग त्यात छान मुरतो. ज्यांना पुसून, खरवडून काम करायचं असतं त्यांनी आर्श घ्यावा. थर कमी आणि ताजे ठेवायचे असतील तर सॉन्डर्स. मऊ कागदावर मास्किंग टेप काढताना आधी हेअर ड्रायरने टेप गरम करा आणि चित्रापासून बाहेरच्या दिशेने, तिरकी ओढा. मास्किंग फ्लुइड (जागा कोरी राखायला लावतात तो रबरी द्रव) लावलेला कागद उन्हात ठेवू नका, काम झाल्याबरोबर ते काढून टाका. रेखाटन दुसऱ्या कागदावर पक्कं करून मग इथे उतरवा. खोडरबराने घासलेली जागा पुढे वॉशमध्ये गडद दिसते.

आता दमट हवेबद्दल. कोकणात, मुंबईत, गोव्यात कागद घेणाऱ्यांनी हे नक्की वाचावं. जिलेटिनला ओलावा बाधतो. वर्षानुवर्षं गोदामात पडलेला कागद बाहेरून कोरा, सुंदर दिसतो आणि वॉश टाकल्यावर आकाशभर गडद ठिपके उमटतात, कारण तिथलं सायझिंग मेलेलं असतं. एका दुकानातून मला असा गठ्ठा मिळाला होता. तेव्हापासून कुठल्याही ब्रँडचं नवं शीट आलं की कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून बघते. थेंब काही वेळ फुगीर राहिला तर कागद ठीक. टेकताक्षणी आत गेला आणि डाग गडद झाला, तर ते शीट जलरंगाला नको. ते फेकू मात्र नका, चारकोल किंवा पेस्टलसाठी उत्तम चालतं. घरी शीट्स हवाबंद प्लास्टिक पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवी ठेवावीत. बाहेरच्या भिंतीला टेकवून कधीही नाही. उचलताना कडेला धरा, बोटांचं तेलही वॉशमध्ये दिसतं.

खर्चाचं म्हणाल तर ब्लॉक (कडांनी चिकटवलेला कागदांचा गठ्ठा) न घेता सुटी शीट्स घ्या, क्षेत्रफळाच्या हिशेबात ती स्वस्त पडतात. फुल शीट २२ × ३० इंचाचं. त्याचे ११ × १५ चे चार क्वार्टर होतात, अभ्यासासाठी ७.५ × ११ चे आठ. कात्रीने कापू नका. दोन्ही बाजूंनी घडी दाबून, स्टीलची पट्टी धरून फाडा म्हणजे कड मूळ कडेशी जुळते. दोन्ही बाजू वापरता येतात, पोतात थोडा फरक असतो इतकंच. फसलेलं चित्र नळाखाली धरून मऊ स्पंजने हलकं पुसलं तर अल्ट्रामरीनसारखे रंग बरेचसे निघतात. थॅलो ब्लू निघत नाही, त्या चित्राची मागची बाजू वापरा. कडेच्या अरुंद पट्ट्या जपून ठेवा आणि प्रत्येक चित्राआधी मिश्रणं त्यांवर तपासा. दुसऱ्या कागदावर तपासलेला टोन इथे फिका वाळतो.

क्वार्टरला चारही बाजूंनी क्लिपा पुरतात. हाफ शीटला ३०० जीएसएमही फुगतो, तेव्हा तो काही मिनिटं पाण्यात भिजवून तपकिरी गमटेपने बोर्डावर ताणा आणि बोर्ड आडवा ठेवूनच वाळवा.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या मुलांना या कागदाची गरज नाही. पण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या किंवा सावर्ड्याच्या कला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी निसर्गचित्रं करणाऱ्यांनी निदान शेवटचे काही महिने या कागदावर काम करावं. एकट्याला जड जात असेल तर तिघाचौघांनी मिळून शीट्स मागवून फाडून वाटून घ्या. खरेदी शक्यतो दिवाळीनंतर, कोरड्या हवेत करा. शीट उजेडासमोर धरून वॉटरमार्क बघा आणि माल कधी आलेला आहे हे दुकानदाराला आवर्जून विचारा.