एअर डेक्कन आणि इंडिगो: स्वस्त विमानसेवेच्या दोन वाटा

कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन सुरू केली. पहिलं उड्डाण बंगळुरूहून हुबळीला. छोट्या गावांसाठी एटीआर ही पंख्यांची छोटी विमानं, मोठ्या मार्गांसाठी एअरबस ए३२० ही मोठी जेट विमानं आणि काही जागांसाठी एक रुपया मूळ भाडं! रेल्वेच्या प्रवाशाला विमानात बसवण्याचं धाडस त्यांनी केलं. माझ्या मते हे ऋण फार मोठं आहे.

इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये उडाली, पण त्याआधीच, २००५ मध्ये, तिने १०० ए३२० विमानांची मागणी नोंदवली होती. खरा फरक इथेच पडला. घाऊक खरेदीत किंमत उतरते. विमान ताब्यात येताच भाडेतत्त्वावर देणाऱ्या कंपनीला विकायचं आणि तेच भाड्याने वापरायचं, म्हणजे भांडवल अडकत नाही. अनेक वर्षं एकाच जातीची विमानं ठेवल्याने वैमानिकांचं प्रशिक्षण, सुटे भाग, देखभाल, सगळंच सोपं झालं. विमान जमिनीवर कमीत कमी वेळ थांबवायचं, ही शिस्तही होतीच. एटीआर तिने थेट २०१७ मध्ये आणली.

डेक्कनचा तोटा मात्र वाढत गेला. २००७ मध्ये किंगफिशरने तिच्यात हिस्सा घेतला, पुढे नावही बदललं.

कल्पकतेत डेक्कन सरस, हिशेबात इंडिगो. तिकीट स्वस्त ठेवून टिकायचं असेल, तर मी इंडिगोचीच पद्धत निवडेन.