चिनी नागरिकांच्या स्वऔषधोपचाराचे सर्वेक्षण: ऑनलाइन प्रश्नावली की घरोघरी मुलाखत?

सार्वजनिक आरोग्याच्या एका विद्यार्थिनीला हा प्रश्न पडला आहे. खर्चाच्या बाबतीत वाद नाही: वीचॅट या चिनी संदेश-अ‍ॅपवरून पाठवलेली प्रश्नावली जवळजवळ फुकट पडते, तर मुलाखतीसाठी स्थानिक बोली जाणणारी प्रशिक्षित माणसे आणि प्रवासखर्च लागतो.

प्रतिनिधित्वात मात्र ऑनलाइन मार्ग लंगडा आहे, कारण ग्रामीण वृद्ध, म्हणजे जुनाट आजारांची औषधे घरात बाळगणारेच, त्यातून निसटतात. 1993 पासून साधारणतः दर पाच वर्षांनी होणारे चीनचे राष्ट्रीय आरोग्य सेवा सर्वेक्षण घरोघरी जाते, ते उगाच नव्हे.

उत्तरांच्या अचूकतेचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. प्रतिजैविकांना तेथे सर्रास ‘श्याओयानयाओ’, म्हणजे दाह कमी करणारे औषध, म्हणतात. त्यामुळे ‘तुम्ही प्रतिजैविके घेतली का?’ या प्रश्नाला पडद्यावर प्रामाणिकपणे दिलेले ‘नाही’ हे उत्तरही चुकीचे असू शकते. मुलाखतकार मात्र औषधाचा डबा मागून वेष्टन तपासू शकतो. उलट, उरलेल्या गोळ्या परस्पर घेतल्याची कबुली अनोळखी माणसासमोर देण्यास लोक कचरतात.

शहरी तरुणांच्या सवयींचा झटपट अंदाज हवा असेल, तर ऑनलाइन प्रश्नावली पुरेशी आहे. प्रतिजैविकांचा वापर किंवा वृद्धांच्या सवयी मोजायच्या असतील, तर नमुना लहान ठेवावा, पण मुलाखतीच घ्याव्यात.