एक लाख पेलेटच्या घरात गेलेली रायफल: 14 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दहा मीटर अंतरावरच्या नेमबाजीची ही जर्मन बनावटीची पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारी एअर रायफल) मी गेल्या वर्षी एका ज्येष्ठ नेमबाजाकडून घेतली. त्यांच्या वहीप्रमाणे तेव्हा तिच्यातून सुमारे 80 हजार पेलेट, म्हणजे शिशाच्या छोट्या गोळ्या, गेलेले होते. मी आठवड्यातून चार दिवस वरळीच्या रेंजवर सराव करते आणि 500 पेलेटचा प्रत्येक डबा संपला की त्याची वहीत नोंद करते. आजवर 38 डबे, म्हणजे 19 हजार पेलेट झाले आहेत. एवढी चाललेली रायफल घ्यावी का, असे मला अनेक जण विचारतात, म्हणून तिच्यात नेमके काय झिजले, ते मी कसे ओळखले आणि ओळखताना कुठे चुकले, ते सविस्तर लिहीत आहे.

पहिले पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. वाळूच्या पिशव्यांवर टेकवून मारलेले दहा शॉट सहा मिलिमीटरच्या आसपासच्या एकाच भोकात बसत, आणि पेलेटच मुळी साडेचार मिलिमीटरचे असते हे लक्षात घेतले तर याहून चांगली अपेक्षा करण्याचे कारण नव्हते. जुलै संपता संपता मात्र ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, उघडू लागला आणि ऑगस्टमध्ये तो नऊ मिलिमीटरपर्यंत गेला. मी आधी पेलेटला दोष दिला, 4.50 ऐवजी 4.49 आणि 4.51 मिलिमीटर हेडचे (पेलेटच्या डोक्याच्या व्यासाचे) डबे आणून पाहिले, पण फरक पडला नाही. एका दुरुस्तीवाल्याने रायफल दोन मिनिटे हातात धरून ‘बॅरल गेले, बदलावे लागेल’ असे सांगितले, आणि मी जवळजवळ पैशांची जुळवाजुळव सुरू केली होती.

मला थांबवले ते रेंजवरच्या आर्मररकाकांनी, म्हणजे शस्त्रांची देखभाल करणाऱ्या काकांनी. ते म्हणाले, “अगं, शिसं किती मऊ आणि पोलाद किती कठीण, याचा विचार केलास का? एअर रायफलचं बॅरल लाखभर पेलेटनं झिजत नाही. आधी ग्रुपचा आकार बघ.” कार्डावरची भोके आडवी पसरलेली नव्हती, ती उभ्या रेषेत लांबलेली होती. अशा उभ्या पसरण्याचा पहिला अर्थ असा असतो की पेलेटचा वेग प्रत्येक शॉटला बदलतो आहे. बॅरल किंवा स्टॉकचे स्क्रू ढिले झाले, डायॉप्टरला (नेम धरायच्या मागच्या साइटला) खेळ आला, तर शॉट बहुधा दोन्ही दिशांना भटकतात किंवा संपूर्ण ग्रुपच जागा सोडतो. तरीही काकांनी आधी सगळे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) तपासायला लावले, कारण ते काम फुकट आहे आणि दहा मिनिटांचे आहे.

त्यानंतरची चाचणी मला आजही फार आवडते. टिश्यू पेपरची बोटभर पट्टी ब्रीचच्या (बॅरलच्या मागच्या, पेलेट भरायच्या टोकाच्या) सांध्यावर ठेवायची आणि शॉट मारायचा. सील ठीक असेल तर पट्टी जागची हलत नाही. माझ्या रायफलवरची पट्टी फडफडून खाली पडली, म्हणजे पेलेटच्या मागे लागायची हवा सांध्यातून बाहेर निसटत होती. ब्रीचची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबरी कडी, लाकडी टूथपिकने बाहेर काढली (सुईने काढली तर खाचेला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळू लागते) आणि भिंगाखाली धरली, तेव्हा तिची एक बाजू चपटी झालेली आणि तिथेच केसाएवढी चीर गेलेली दिसली. चिरेत शिशाचा चुरा रुतला होता. नवी रिंग सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात देऊन बसवली. इथे साधे तेल कधीही वापरू नये, कारण उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते. रिंग बदलण्यापूर्वी क्रोनोग्राफवर (पेलेटचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) वेग सेकंदाला 166 ते 175 मीटर असा नाचत होता, तो बदलल्यानंतर 171 ते 173 मध्ये स्थिरावला. बॅरलमधून फेल्टचे बोळे फिरवले, तेव्हा पहिले तीन काळेकुट्ट निघाले, सहावा स्वच्छ निघाला. बॅरलला एवढेच हवे होते.

दुसरा दोष ओळखायला जास्त वेळ लागला, कारण तो माझाच दोष वाटत होता. स्पर्धेत साइटिंग (न मोजले जाणारे सुरुवातीचे शॉट) संपल्यावर थोडा खंड पडतो आणि मग 60 मोजले जाणारे शॉट सुरू होतात. माझा पहिला शॉट प्रत्येक वेळी किंचित वर जाई. मधे श्वास घ्यायला रायफल स्टँडवर ठेवली, की त्यानंतरचाही पहिला शॉट वरच जाई. माझ्या प्रशिक्षकांना आणि मलाही ती धाकधूक वाटली, आणि दोन महिने मी श्वासावर काम करत राहिले. अखेर क्रोनोग्राफपुढे पाच मिनिटे थांबून शॉट मारला, तर वेग 178 आला आणि लगेचच्या दुसऱ्या शॉटला 172 आला. सिलिंडरमधला 200 बारचा दाब उतरवून ठरावीक पातळीवर धरून ठेवणे हे रेग्युलेटरचे काम असते. त्याची आतली बैठक झिजली किंवा तिच्यावर कण बसला की थांबलेल्या वेळात सिलिंडरमधली हवा हळूहळू पुढे झिरपत राहते आणि पुढच्या शॉटला जास्त दाब मिळतो. वेगातल्या सेकंदाला सहा मीटरच्या फरकाने दहा मीटर अंतरावर पेलेट साधारण एक मिलिमीटर वर लागते. ऐकायला हे क्षुल्लक वाटते, पण दशांश गुणांकनात पाव मिलिमीटर म्हणजे 0.1 गुण, म्हणजे एका शॉटमागे 0.4 गुण जातात. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा शूट-ऑफमध्ये 10.0 विरुद्ध 10.5 असे मागे पडून चौथे राहिले, हे ज्यांना आठवते त्यांना दशांशाचे मोल वेगळे सांगायला नको. रेग्युलेटर मी स्वतः उघडला नाही आणि कोणीही उघडू नये. जाणकाराकडून बैठक आणि सील बदलून घेतल्यावर थांबल्यानंतरचा वेगातला फरक सेकंदाला दीड मीटरच्या आत आला आहे.

मुंबईच्या हवेबद्दल थोडे लिहिलेच पाहिजे. रेंजवरच्या एसीतून थंडगार रायफल बाहेर काढून पेटी उघडली, तर पावसाळ्यात धातूवर लगेच दव साचते. म्हणून डोंबिवलीला घरी पोहोचून अर्धा तास होईपर्यंत मी पेटी उघडत नाही, आणि त्यानंतर मात्र रायफल पेटीत ठेवतच नाही, कारण आतला फोम ओल धरून ठेवतो. डायॉप्टरच्या दोन स्क्रूंवर आलेला गंज याच चुकीतून आला होता. एसीमुळे मॅनोमीटरही (सिलिंडरवरचा दाबमापकही) फसवतो. 30 अंशांना 200 दाखवणारा सिलिंडर 24 अंशांच्या हॉलमध्ये 196 दाखवतो, त्याला गळती समजू नये. रात्रभर एकाच खोलीत ठेवूनही काटा उतरला, तरच व्हॉल्व्हला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. हातपंपाची दमट हवा मी भरत नाही.

ट्रिगर 99 हजार शॉटनंतरही जसाच्या तसा आहे आणि त्याला मी हात लावलेला नाही. रायफलसोबत मिळालेल्या दोन सिलिंडरांपैकी एकावर कोरलेल्या तारखेपासूनची वापराची दहा वर्षांची मुदत मार्चमध्ये पूर्ण झाली. त्यातली हवा सोडून तो मी बाजूला ठेवला आहे, आणि नवा येईपर्यंत एकाच सिलिंडरवर सराव चालू आहे.