क्रोमवर मेण की तेल? किनाऱ्यावरच्या बाइकचा हिशेब

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात बाइक ठेवणाऱ्याला मे महिन्यात हा प्रश्न पडतोच. माझं उत्तर आधीच सांगतो: दिसणाऱ्या क्रोमला मेण, न दिसणाऱ्या सांध्यांना तेल.

शोभेच्या क्रोमचा थर साधारण अर्ध्या मायक्रॉनचाच, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढाच असतो. लोखंडाला खरं सांभाळतं ते त्याखालचं निकेल. क्रोममध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. खाऱ्या वाऱ्यातला क्षार त्यांतून आत उतरतो, निकेल पोखरतो आणि मग वर तपकिरी टिपका दिसू लागतो. त्यावरून नख फिरवून बघा. नख अडलं तर खड्डा पडलाय.

म्हणून काहीही लावण्याआधी गाडी गोड्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण वाळवायची. क्षारावरच मेण चढवलं तर तो आत कोंडला जातो.

मेणाचा थर कोरडा, त्यामुळे धूळ चिकटत नाही आणि चमक राहते. मडगार्ड, हेडलाइटची रिंग, हँडल यांना तेच बरं. पण सायलेन्सर तापला की ते टिकत नाही, आणि भर पावसात दर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा हात फिरवावा लागतो. स्पोक जिथे रिममध्ये शिरतो तिथे तर फडकं पोचतच नाही.

तिथे तेल कामाला येतं. ते फटीत शिरतं, नट-बोल्टच्या आट्यांत राहतं. मात्र कुठलं तेल, हे महत्त्वाचं. इंजिनमधून काढलेलं काळं तेल बरेच जण फासतात. ते अजिबात लावू नका, त्यात आम्लं साठलेली असतात. डब्ल्यूडी-४० हा स्प्रे ओल हटवायला उत्तम, पण त्याचा थर पातळ, पावसात फार काळ राहत नाही. लोकरीपासून काढलेल्या लॅनोलिनचा स्प्रे जाड बसतो आणि मला तोच पटतो. चिकट आहे, उन्हाळ्यात धूळ धरतो. पावसाळ्यात हे चालवून घ्यावं. ब्रेक डिस्क आणि टायरवर मात्र एक थेंबही उडता कामा नये.

समोरच्या फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपच्या, नळ्यांकडे वेगळं लक्ष द्या. मडगार्डवरचा खड्डा फक्त दिसायला वाईट, फोर्कवरचा खड्डा ऑइल सील, म्हणजे आतलं तेल अडवणारी रबरी कडी, कापतो. मी एका पावसाळ्यात मोहरीएवढा टिपका तसाच सोडला होता. गणपतीपर्यंत नळीवर तेलाचा ओघळ आला, आणि सीलबरोबर नळीही बदलावी लागली. आता घरी आलो की मऊ फडक्याने चिखल टिपतो आणि फोर्क ऑइलचा अगदी पुसट हात देतो.

गंज वरवरचा असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. पॉलिश पेपर लावलात तर क्रोमच जाईल.

खड्डे खोल असतील तर मेण आणि तेल दोन्ही गंज आहे तिथे थोपवण्यापुरतेच. मग पुन्हा क्रोम की पावडर कोटिंग, म्हणजे भुकटी फवारून भट्टीत भाजलेला रंग? क्रोम करायचं ठरलं तर जुना थर उतरवून नवं निकेल किती जाड चढवणार, हे कारागिराला आधी विचारा. नुसती वरची चकाकी बघून पैसे देऊ नका. पावडर कोटिंग मडगार्डला, स्टँडला चांगलं. पण खडी उडून टवका निघाला की गंज त्याखालून पसरतो, म्हणून टवका दिसल्या दिवशीच त्यावर रंगाचा ठिपका द्यायला हवा. रोज समुद्राकाठच्या रस्त्याने जाणारी गाडी असेल तर मी काळं कोटिंगच करून घेईन.