जलवाहिनीशेजारच्या मुरूम खाणीची तपासणी: काम चोख

आमच्या मुरमाच्या खाणीलगत उजनीहून सोलापूरला पाणी आणणारी जलवाहिनी आहे, म्हणून कडा तपासायला शहरातल्या एका भू-तांत्रिक (माती-खडकाची ताकद तपासणाऱ्या) सल्लागारांना बोलावलं. नकाशावर न विसंबता त्यांनी आधी हाताने चर खणून पाइप नेमका कुठे, किती खोल ते पाहिलं. मग काठाला समांतर गेलेली केसाएवढी भेग दाखवली. कडा सरकायची ही पहिली खूण. कोरडा मुरूम उभा राहतो, पण पाइप झिरपला की तोच ढासळतो. म्हणून हिशेब ओल्या मुरमाचा धरला, सुरक्षा गुणांक १.५, म्हणजे कड धरून ठेवणारा जोर ढासळवणाऱ्या जोराच्या दीडपट. उभी कड मोडून मध्ये पायरीसारखा टप्पा सोडायला लावला, डंपर काठापासून लांब. अहवाल मात्र सगळा इंग्रजीत. जेसीबीवाल्या पोरांसाठी मराठीत एक पान हवंच होतं. पुढच्या खोदकामाआधी यांनाच बोलावणार.