वेस्टफील्ड घ्यावी की केटरहॅम?

इंग्लंडात राहणाऱ्या आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतः गाडी जोडायची हौस असणाऱ्या मराठी माणसापुढे ही दोन नावं हमखास येतात. दोन्ही गाड्यांचं मूळ एकच, लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनची १९५७ सालची लोटस सेव्हन ही हलकी, उघडी, दोन आसनी स्पोर्ट्स कार. पण घराणी वेगळी आहेत, आणि ती कळल्याशिवाय निवड करू नये असं माझं ठाम मत आहे.

केटरहॅमची गोष्ट सरळ आहे. ग्रॅहम नर्न सरे परगण्यातल्या केटरहॅम गावात सेव्हन विकत. लोटसने ती बंद करायची ठरवल्यावर १९७३ मध्ये त्यांनी हक्कच विकत घेतले आणि पुढच्याच वर्षी सेव्हनच्या जुन्या, तिसऱ्या मालिकेचा (सीरीज ३) बांधा पुन्हा धरला. तिला नक्कल म्हणणं मला पटत नाही. ती वारस आहे.

वेस्टफील्ड मात्र प्रतिकृतीतूनच जन्मली. ख्रिस स्मिथ यांनी १९८२ मध्ये पहिली गाडी केली ती सेव्हनसारखी नव्हे, तर लोटस इलेव्हन या शर्यतीच्या गाडीसारखी. मूळ इलेव्हनची काया फ्रँक कॉस्टिन या विमानक्षेत्रातल्या वायुगती अभियंत्याने घडवली होती. १९५७ च्या फ्रान्समधल्या ल माँ या चोवीस तासांच्या शर्यतीत ११०० सीसी गटात ती पहिली आली. तिची गोलाई पाहून माणूस वेडा होतो, तसे स्मिथही झाले असणार. पुढे त्यांनी सेव्हनच्या धर्तीवरची गाडी काढली तेव्हा केटरहॅमने कायद्याचा बडगा उगारला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तडजोड झाली आणि वेस्टफील्डला रूप बदलावं लागलं. माझ्या मते त्या भांडणानेच वेस्टफील्डला स्वतःचा चेहरा दिला.

तो फरक आज हाताला लागतो. केटरहॅमच्या बाजूला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो; त्याला पोचा पडला की बघवत नाही. वेस्टफील्डचं अंग फायबरचं. त्याला पोचा पडत नाही, पण खडा लागला की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे जातात. मागच्या चाकांना बहुतेक केटरहॅममध्ये डी डिऑन पद्धतीचा, म्हणजे दोन्ही चाकांना एकाच ताठ नळीने जोडणारा, आस असतो, तर बऱ्याच वेस्टफील्डमध्ये दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलतात, त्यामुळे खडबडीत रस्त्यावर मला वेस्टफील्ड बरी वाटते. जागेचं म्हणाल तर जाड तळव्याचे बूट घालून मी जुन्या केटरहॅममध्ये बसलो तेव्हा ब्रेकसोबत ॲक्सिलरेटरही दाबला जात होता. बूट काढून चालवली. उंच, रुंद माणसासाठी २००० सालापासून केटरहॅमचा एसव्ही हा मोठा सांगाडा मिळतो, तोच बघावा.

खर्चात वेस्टफील्ड जिंकते. फोर्ड सिएरा किंवा माझदा एमएक्स-५ अशा मोडीत निघालेल्या गाडीचे भाग वापरून ती बांधता येते. विकताना मात्र केटरहॅमची किंमत जास्त टिकते. शिवाय २०२२ मध्ये वेस्टफील्ड कंपनी आर्थिक अडचणीत येऊन प्रशासकाच्या हाती गेली होती, हे विसरू नका.

पहिल्यांदाच बांधणाऱ्याने, कमी पैशांत हात बसवण्यासाठी, जुनी वेस्टफील्ड घ्यावी असं मी सांगेन. पाहायला जाताना टॉर्च न्या, आसनं बाहेर काढायला लावा आणि सांगाड्याच्या तळाच्या नळ्यांवरचा रंग कुठे फुगलाय का ते बोट फिरवून बघा. रंगाखाली गंज असेल तर भाव कितीही पाडून मिळाला तरी परत या.